भांडण कुठून मोजायचं?

एकतीस वर्षं मी एकाच भांडणावर पोट भरलं. अमेरिका आणि रशियाचं. दोन्ही देशांत माझं कुणी नातेवाईक नाही, मी तिकडे कधी गेले नाही, विमानात तर निवृत्तीनंतर पहिल्यांदा बसले. पण चोपड्याच्या ज्युनिअर कॉलेजात इतिहासाची मॅडम म्हणून उभी राहिले की त्या दोन देशांच्या घरातलं सगळं मला ठाऊक असल्यासारखी बोलत असे. माझे यजमान म्हणायचे, "तुला शेजारच्या घरात काय चाललंय ते माहीत नसतं आणि मॉस्कोचं बरं माहीत असतं." म्हणू देत. शेजारच्या घरावर आठ गुणांचा प्रश्न येत नाही.

शीतयुद्धावर यायचा. दरवर्षी. 'शीतयुद्धाची कारणे स्पष्ट करा.' बाहेरच्या माणसाला आमचं काम सोपं वाटतं. मॅडम बोलतात, मुलं ऐकतात, संपलं. अहो, मुलं ऐकत नसतात, लिहीत असतात. त्या काळी आम्ही नोट्स उतरवून देत असू. मी वाक्य दोनदा म्हणायचं, पूर्णविराम आला की 'पूर्णविराम' असंही म्हणायचं, आणि पन्नास माना खाली. भांडवलशाही आणि साम्यवाद या विचारसरणींतला विरोध, दुसरी आघाडी उघडायला झालेला उशीर, अणुबॉम्बची गुप्तता, पूर्व युरोपातला रशियाचा विस्तार, परस्परांविषयीचा अविश्वास. पाच मथळे, पाच परिच्छेद. पेपर तपासायला धुळ्याला जायचो तेव्हा आमच्यासमोर नमुना उत्तर ठेवलेलं असे आणि त्यातला मुद्दा दिसला की गुण, नाही दिसला तर नाही. शीतयुद्ध बर्फात झालं असं लिहिणारे दोन-चार दर गठ्ठ्यात निघायचेच. त्यांच्यावर आम्ही चहाच्या वेळी हसायचो. आता वाटतं, त्यांनी निदान स्वतःचं डोकं तरी लावलं होतं.

मी मात्र नुसत्या नोट्सवाली नव्हते, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायला उरलेलं नाही. माझी एक पद्धत होती. इतिहासात कारण वेगळं आणि निमित्त वेगळं. हे पोरांच्या डोक्यात काही केल्या उतरत नसे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी एक गृहपाठ द्यायचे: 'आमच्या गावातलं एक जुनं भांडण. त्याचं कारण काय, निमित्त काय?' त्या वह्या म्हणजे निव्वळ मेजवानी. बैलपोळ्यात कुणाची जोडी पुढे यावरून फुटलेली गावं, लग्नात पंगतीला मागे बसवलं म्हणून पंचवीस वर्षं न बोलणारे व्याही. ज्या मुलाला वर्गात नाव विचारलं तरी घाम फुटायचा, तो भांडणावर चार पानं लिहून आणायचा.

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या सुमाराची. बारावी कला शाखेत मंगल नावाची एक मुलगी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून एसटीने यायची. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं दिवाळी अंक वाचतात. गावातली बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. हडकुळी, केस तेल लावून चप्प बसवलेले, अक्षर मात्र छापल्यासारखं. तिनं आपल्या वडलांचं आणि शेजारच्या शेतकऱ्याचं भांडण लिहिलं होतं. वडील हिलाल आबा. शेजारी उत्तम नाना. दोघांच्या वावरांना एकच बांध.

तिनं लिहिलं होतं ते थोडक्यात असं. दोघांचं आधीपासून फारसं पटत नव्हतं. पण एका वर्षी डोंगरातून रानडुकरं उतरली आणि मका, भुईमूग, जे दिसेल ते उकरू लागली. तेव्हा दोघं एक झाले. एकत्र राखण, एकत्र डबे बडवणं. डुकरं आधी आबांच्या वावरात घुसली. आबांनी नानांना निरोप धाडला, या. नाना म्हणाले, येतो. दुसऱ्या दिवशीही म्हणाले, येतो. तिसऱ्या दिवशीही तेच. आले ते आबांचं निम्मं पीक गेल्यावर. शेवटी डुकरं पळाली. आणि मग कळलं की नानांनी परवाना काढून एक बंदूक आणून ठेवली होती. आबांना त्याचा पत्ता नव्हता. पहिला बार झाला तेव्हाच त्यांना कळलं. त्यानंतर आबांनी बांधावर काटेरी कुंपण घातलं, तेही दोघांच्या सामाईक गाडवाटेवर, बैलगाडीच्या रस्त्यावर, हातभर सरकवून. झालं. बोलणं बंद.

मी वही मिटली आणि मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले. स्टाफरूममधल्या भूगोलाच्या सरांनी दचकून वर पाहिलं. तुम्हीच सांगा, काय उरलं होतं? डुकरं म्हणजे जर्मनी. 'येतो येतो' म्हणजे दुसरी आघाडी. रशिया तीन वर्षं विनवत होता की पश्चिमेकडून जर्मनीवर चाल करा, आमच्यावरचा भार कमी करा, आणि अमेरिका-इंग्लंडच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या चव्वेचाळीस साली. बंदूक म्हणजे अणुबॉम्ब. कुंपण म्हणजे पूर्व युरोप. इतकं आयतं ताट समोर आल्यावर कोणता मास्तर उपाशी उठेल?

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'रशिया – हिलाल आबा', उजवीकडे 'अमेरिका – उत्तम नाना'. नावानिशी. होय, नावानिशी. त्याच गावचे तीन-चार मुलगे समोर बसले होते, हे मला दिसत होतं. पण रंगात आलेल्या माणसाला काय दिसतं आणि काय कळतं यात फरक असतो. मुलं पोट धरून हसली. मंगल पण हसली, म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. शेवटी मी निष्कर्ष उतरवून दिला: "रशियाने कुंपण सरकवले आणि शीतयुद्धाला प्रारंभ झाला, पूर्णविराम." त्या तासानंतर मी स्टाफरूममध्ये दोन कप चहा प्यायले. असा तास वर्षातून एकदाच होतो.

पंधरवड्यानं मंगल यायची बंद झाली. मी म्हटलं कापूस वेचणीचे दिवस आहेत, येईल. आठवडा गेला आणि एक दिवस शिपाई म्हणाला, "मॅडम, कुणी आबा आलेत. दाखला मागताहेत."

दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. बारावीच्या मुलीचा बाप मध्येच दाखला मागायला येतो तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो. घरी बसवणार, आणि उन्हाळ्यात लग्न. एरवी मी त्यावर दोन-तीन ठरलेली वाक्यं बोलत असे. पण दारात उभ्या असलेल्या माणसानं पांढरं धोतर नीट सावरलं, टोपी सरळ केली आणि विचारलं, "इतिहासना मॅडम तुम्हीच का?" तेव्हाच मी ओळखलं, हे मंगलचे हिलाल आबा.

"बसा आबा. काय झालं?"

"काय झायं म्हनी तुम्हीच इचारतस?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "गावमा बठ्ठा लोक माले रशिया म्हनतस. चहाना टपरीवर, देऊळमा, बठ्ठीकडे. पोरीले धाडी ते इतिहास शिकाले. घरना इतिहास फळावर मांडाले नही."

मी धुळ्याची. आमच्या घरात अहिराणीच. पण स्टाफरूममध्ये मी कधी ती बोलत नसे, मॅडमपण कमी होतं असं वाटायचं. त्या दिवशी बोलले. म्हटलं, आबा, चूक मनी शे. पोरनी काही चूक नही. तिनं वहीत लिहिलं ते फक्त माझ्यासाठी होतं. फळ्यावर मी नेलं. मला लाज वाटली, सरळ सांगते. एकतीस वर्षांत विद्यार्थ्याच्या बापासमोर मान खाली घालायची वेळ माझ्यावर तेवढी एकदाच आली, आणि ती अगदी रास्त होती.

आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रशिया म्हना, काय बी म्हना. पन तुम्ही सांगं की भांडन कुंपनपाईन सुरू झायं. ते खोटं शे."

"मंग कथाईन सुरू झायं?" कुठून, मी विचारलं.

"त्याना बापनी आम्हना बांध कोरा, तथाईन."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील ऐन तरुणपणात वारले, जमीन नुकतीच आबांच्या नावावर झाली होती, घरात कर्ता माणूस नाही. नेमक्या त्या वर्षी नानांच्या वडलांनी नांगर बांधाच्या अलीकडे घातला. दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी. नंतर काढूनही घेतला, पण घातला. "म्हनीसन कुंपन घालं," आबा म्हणाले. "पुन्हा कोनी यावाले नको." ते त्यांच्या पोरीला ठाऊक नव्हतं, कारण ती तेव्हा जन्मलीच नव्हती. तिनं आपलं डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं.

मी खुर्चीत बसले होते ते बरं. कारण हे मला ठाऊक असायला हवं होतं. सतरा साली रशियात क्रांती झाली, घर पुरतं विस्कटलेलं होतं, आणि अठरा साली इंग्लंड, फ्रान्स, जपान, अमेरिका यांच्या फौजा त्याच्या भूमीवर उतरल्या. नंतर परतल्या, पण उतरल्या होत्या. नव्या सरकारला अमेरिकेनं सोळा वर्षं ओळखसुद्धा दिली नव्हती. हे मी एम.ए.ला वाचलं होतं. नमुना उत्तरात नसतं म्हणून माझ्या नोट्समधून कधी गळून गेलं ते माझं मलाच कळलं नव्हतं. आमच्या ग्रंथालयात तेव्हा टपालानं एक गुळगुळीत अमेरिकन मासिक यायचं आणि एक तितकंच गुळगुळीत रशियन. मुलं दोन्हींच्या पानांची वह्यांना कव्हरं घालायची. मी ती दोन्ही वाचायचे, आणि त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत असायचं: सुरुवात समोरच्यानं केली. एक पंचेचाळीसपासून मोजायचं, दुसरं अठरापासून. ज्यानं त्यानं आपल्याला जिथं लागलं तिथून मोजायला घेतलं होतं. आणि मी इतकी वर्षं एकाचीच मोजपट्टी पोरांच्या हाती देत होते.

"आबा," मी म्हटलं, "दाखला मागितलात तर द्यावाच लागेल, तुमचा हक्क आहे. पण मी जिथं चुकले तिथंच मला दुरुस्त करू द्या. तुम्ही वर्गात या आणि तुमची बाजू तुमच्या तोंडानं सांगा. मंगल पण असू दे. त्यानंतर दाखला न्या."

"गुरुवारले येस," म्हणाले आणि उठले.

मी धावत कारकुनाकडे गेले. म्हटलं, दाखला लिहून ठेवा, पण प्राचार्यांची सही गुरुवारपर्यंत मिळायची नाही. तो म्हणाला, "साहेब तर आत बसलेत." मी म्हटलं, "बसू देत. त्यांची सही बाहेरगावी गेलीय." प्राचार्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, हा इतिहासाचा तास आहे की ग्रामपंचायत? उद्या दुसरा येऊन म्हणेल, मला अमेरिका का केलं!"

त्यांच्या तोंडात साखर पडो, तस्संच झालं. गुरुवारी साडेदहाला हिलाल आबा आले, मागे मंगल. आणि त्याच एसटीतून, मागच्या दारानं उतरून, उत्तम नाना. डोक्याला गुलाबी फेटा, हातात छत्री. गावात कळलं होतं की एकच बाजू सांगितली जाणार आहे, ते कसे राहतील? फाटकाशी दोघं एकमेकांकडे न बघता उभे. मी दोघांना आत नेलं. एक खुर्ची खिडकीपाशी, एक दारापाशी.

मी आधी मुलांसमोर माझी चूक कबूल केली. नावं घ्यायला नको होती, म्हटलं, आणि अर्धंच सांगायला नको होतं. मग मंगलच्या हातात खडू दिला. "तू लिही. जे बोलतील तेच. आपल्या पदरचं काही घालायचं नाही." तिनं रेघ सरळ मारली. या वेळी वर देशांची नावं नव्हती. नुसतं 'आबा' आणि 'नाना'.

आबांनी बांध कोरल्याचं सांगितलं. मंगलनं ते फळ्यावर लिहिलं, आणि लिहिता लिहिता थांबली. तिला हे नवीन होतं. नाना खुर्चीतून उठले, "ते मना बापनं काम, मन्हं नही. आनि दोन तासना काय, बैल सरकी गयात!" वर्ग हसला, आबा हसले नाहीत. मग नानांची पाळी. गाडवाट सामाईक होती, त्यावर कुंपण आलं, त्यांची केळीची गाडी दोन वर्षं लांबून न्यावी लागली. बंदूक आपल्या वावरासाठी आणली, ती काय गावात मिरवायची? आबा म्हणाले, ज्याच्याबरोबर राखण करतो त्याला सांगायला काय झालं होतं? नाना फळ्याकडे बघून म्हणाले, सांगितलं असतं तर त्यांनीही आणली असती. एवढं बोलून नाना स्वतःच खाली बसले. मागच्या बाकावरचा एक मुलगा पुटपुटला, "रशियानेही आणली, चार वर्षांनी." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मनातून मात्र त्याला गुण दिले.

फळा भरत आला. दोन्ही बाजूंना सारख्याच ओळी, दोन्ही बाजू खऱ्या. तास संपायला दहा मिनिटं राहिली होती. मी समारोपाला तोंड उघडणार, एवढ्यात मंगल वळली. वर्षभर वर्गात जिचा आवाज ऐकला नव्हता ती मुलगी थेट नानांकडे बघून म्हणाली, "नाना, तुम्ही तीन दिवस येस येस म्हनत व्हतात. मंग काबर नही उनात?"

हिलाल आबा गरकन वळले. "मंगल!" ते म्हणाले. पोरीनं मोठ्या माणसाला असं चारचौघांत विचारायचं नसतं आमच्याकडे. मी पण मध्ये पडायला हवं होतं. नाही पडले. कारण तो खरा इतिहासाचा प्रश्न होता. माझ्या पाच मथळ्यांत तो कुठंच नव्हता. उशीर झाला हे मी दरवर्षी उतरवून देत होते, उशीर का केला हे कुणी मला विचारलं नव्हतं आणि मी कुणाला.

नानांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. आता हा माणूस एकतर चिडणार किंवा घरचं कुणी आजारी होतं असं काहीतरी सांगणार, असं मला वाटलं. तसं सांगितलं असतं तर आम्ही सगळ्यांनी ते मान्यही केलं असतं. ते खिडकीकडे बघत बोलले, आवाज एकदम खाली.

"मी डरी गयथू. मनी मका उभी व्हती. माले वाटनं, डुक्करं तथाच गुतेल ऱ्हायनात ते मनी मका वाची जाई."

डुकरं शेजाऱ्याच्या वावरात अडकून राहिली तर माझं वाचेल. एवढंच. मंगल खडू हातात धरून तशीच उभी. हे लिहायचं की नाही, तिला कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मलाही कळत नव्हतं. नानांनी उभ्या आयुष्यात अशी गोष्ट कुणासमोर बोलून दाखवली नसणार, घरात बायकोसमोरसुद्धा नाही. ते आता गावभर होणार होतं आणि या वेळीही माझ्याच वर्गातून.

आबा जागेवरून उठले. दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभे राहिले. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ते नानांशी बोलत होते.

"माले ते तवयच समजनं व्हतं," ते म्हणाले. "तुना तोंडतीन आयकनं व्हतं."

आबांनी टोपी काढली, हातानं झटकली, परत घातली. मला वाटलं, आता ते दाखल्याचं विचारणार. मागितला असता तर मला द्यावाच लागला असता. पण ते माझ्याकडे वळलेच नाहीत. फळ्यापाशी उभ्या असलेल्या लेकीकडे वळले आणि उजवीकडच्या, नानांच्या रकान्यातल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"हाई बी लिखी ले, पोरी. परीक्षामा येई."